चागुआरामास : वादळ टळेपर्यंतचा मुक्काम

मृग जवळ आला की कोकणच्या किनाऱ्यावर लगबग सुरू होते. होड्या पाण्याबाहेर ओढल्या जातात, झापांनी शाकारल्या जातात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत तिथेच विसावतात. पण कोळीवाड्याला विसावा नसतो. जाळी दुरुस्त करायची असतात, कुजलेल्या फळ्या बदलायच्या असतात, भेगा बुजवायच्या असतात. समुद्र बंद झाला म्हणून दर्यावर्दी माणसाचे हात बंद होत नाहीत.

पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर, याच सुमारास अशीच लगबग असते. बेटाच्या वायव्य टोकाला चागुआरामास नावाचे बंदर आहे. तिथे येणाऱ्या होड्या मात्र मासेमारीच्या नसतात. युरोप, अमेरिका, कॅनडा अशा दूरच्या देशांतून निघालेल्या, महिनोन्‌महिने समुद्रावरच राहणाऱ्या जोडप्यांची आणि कुटुंबांची ती शिडाची घरे असतात. दहा-बारा मीटर लांबीच्या त्या बोटीत स्वयंपाकघर असते, पुस्तकांचे कपाट असते, क्वचित एखादे मांजरही असते.

वादळांच्या वेशीबाहेर

कॅरिबियन समुद्रात 1 जून ते 30 नोव्हेंबर हा हरिकेन नावाच्या चक्रीवादळांचा हंगाम मानला जातो. यातली बरीचशी वादळे आफ्रिकेच्या बाजूने अटलांटिक ओलांडत पश्चिमेला येतात आणि पुढे उत्तरेकडे वळतात. विषुववृत्ताच्या जवळ पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम दुबळा असतो, त्यामुळे तिथे वादळाला गरगर फिरण्याचे बळ मिळत नाही. त्रिनिदाद विषुववृत्तापासून सुमारे साडेदहा अंशांवर, म्हणजे आपल्या त्रिशूरच्या रेषेत आहे. म्हणूनच मोठी वादळे सहसा या बेटाच्या उत्तरेकडून निघून जातात. या दिवसांत बोट दक्षिणेला नेऊन ठेवा, अशी अट कित्येक विमा कंपन्याच घालतात.

‘सहसा’ हा शब्द मात्र महत्त्वाचा. शेजारच्या ग्रेनाडा बेटालाही लोक एके काळी सुरक्षितच समजत होते. सप्टेंबर 2004 मध्ये आयव्हन वादळ आले आणि त्या बेटावरच्या दहापैकी नऊ घरांची पडझड झाली. 1 जुलै 2024 रोजी बेरील वादळाने ग्रेनाडाच्याच कारियाकू बेटाला झोडपले. तिथल्या खाडीत, तिवरांच्या आडोशाला बांधून ठेवलेल्या बोटी एकमेकींवर आदळून फुटल्या. त्याआधीच्या एक-दोन दिवसांत मात्र अनेकांनी शिडे चढवली आणि दक्षिणेचा रस्ता धरला. ग्रेनाडापासून चागुआरामास सुमारे ऐंशी सागरी मैल, म्हणजे एका रात्रीचा प्रवास. त्या रात्री ज्याची बोट धड होती, तो निघू शकला.

जहाजे जळाली, तिथेच जहाजे सांधतात

चागुआरामासचा इतिहासही मोठा नाट्यमय आहे. फेब्रुवारी 1797 मध्ये इंग्रजांचे आरमार चालून आले, तेव्हा याच उपसागरात स्पॅनिश सरदार अपोदाका याने आपली जहाजे शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून स्वतःच पेटवून दिली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने अमेरिकेकडून पन्नास जुन्या विनाशिका घेतल्या आणि त्या व्यवहारात आपल्या वसाहतींमधल्या जागा नाविक तळांसाठी 99 वर्षांच्या पट्ट्याने दिल्या. चागुआरामास त्यांतलेच एक. तिथल्या गावकऱ्यांना घरेदारे सोडावी लागली. ती भूमी परत मिळावी म्हणून एप्रिल 1960 मध्ये त्रिनिदादचे नेते एरिक विल्यम्स यांनी भर पावसात मोर्चा काढला होता. पुढे 1973 मध्ये कॅरिबियन देशांचा संघ स्थापन करणाऱ्या करारावर सह्या झाल्या, त्याही इथेच.

आज डोंगरातल्या रानात माकडांचे हुंकार ऐकू येतात आणि खाली किनाऱ्यावर ग्राइंडरची करकर. चाकांवरच्या अवाढव्य पाळण्यात बोट पट्ट्यांवर तोलून पाण्याबाहेर काढतात आणि लोखंडी टेकूंवर उभी करतात. मालक शिडी लावून वर चढतात आणि वरच राहतात. सकाळी राजधानी पोर्ट ऑफ स्पेनहून पिवळ्या पट्ट्याच्या मॅक्सी टॅक्सीतून कारागीर येतात. न्याहारीला दोन मऊ ‘बारा’ आणि त्यांत मसालेदार चणे, असा ‘डबल्स’ नावाचा पदार्थ असतो. 30 मे 1845 रोजी ‘फतेल रझाक’ जहाजातून इथे पहिले हिंदी मजूर उतरले. त्यांच्यामागून आलेल्या लोकांच्या चुलीची ही देणगी. आज त्यांची पणतवंडे, खापरपणतवंडे या आवारातही काम करतात.

इथल्या कारागिरीला कारण आहे. त्रिनिदाद हा तेल आणि वायूचा देश. पिढ्यान्‌पिढ्या नळ जोडण्याचे आणि टाक्या बांधण्याचे काम चालल्यामुळे चांगला वेल्डर मिळणे इथे अवघड नाही. सागाचीही उणीव नाही. 1913 मध्ये ब्रह्मदेशातून बी आणून इथे सागाची लागवड झाली होती. बोटीच्या लाकूडकामाला त्याचा उपयोग होतो.

घराच्या मागच्या अंगणाला कमान

या आवारात ज्या कामाची मागणी सतत असते, ते म्हणजे बोटीच्या पिछाडीची कमान. सुकाणूच्या मागे, माणसाच्या डोक्यावरून जाईल अशी, स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांची ही चौकट. तिच्या माथ्यावर सौर पट्ट्या बसतात, रडार आणि अँटेना बसतात. फ्रीज, दिवे, रेडिओ, समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र, सगळ्यांना वीज लागते. कमान झाली की इंजिन न चालवताही घर चालू शकते.

कमानीला मागे दोन हात जोडलेले असतात. त्यांना डेव्हिट म्हणतात. त्यांच्या टोकांना कप्प्या आणि दोर असतात आणि त्यांवर डिंगी टांगली जाते. डिंगी म्हणजे बोटीबरोबरचे छोटे होडके. बोट खोल पाण्यात नांगरलेली असते, त्यामुळे भाजी आणायची, पोरांना किनाऱ्यावर न्यायचे, रात्री-अपरात्री डॉक्टरकडे धावायचे, तर आधार या होडक्याचाच. आपल्याकडे घरात जे स्थान स्कूटरचे, तेच तिथे डिंगीचे. साहजिकच चोराचाही डोळा तिच्यावर असतो. म्हणून अंधार पडला की होडके पाण्यातून वर उचलायचे, असा या समुद्रावरचा शिरस्ता आहे. डेव्हिट असले की एकटी बाईसुद्धा ते सहज करू शकते.

ही कमान दुकानातून आणून ठोकून टाकावी, अशी वस्तू नव्हे. प्रत्येक बोटीची पिछाडी निराळी. डेक कुठे उताराचा, कुठे गोल. मागचा दोर डोलकाठीपासून कुठे उतरतो, शिडाचा आडवा दांडा फिरताना कुठवर येतो, वाऱ्यावर चालणारे सुकाणू कुठे आहे, हे सारे पाहावे लागते. म्हणून आधी लाकडी पट्ट्यांचा किंवा प्लॅस्टिकच्या नळ्यांचा कच्चा सांगाडा बोटीवरच बांधून पाहतात. शिंपी कच्ची शिलाई घालून सदरा अंगावर चढवून पाहतो, तसेच हे. जमिनीवर उभी असलेली बोट जरा जरी कललेली असेल, तर ओळंबा फसवतो. त्यामुळे बोट पाण्यात जशी तरंगते तशीच टेकूंवर बसवून घेतात आणि मगच मापे घेतात.

नळी 316 जातीच्या स्टीलची लागते. चांगल्या भांड्यांना वापरतात त्या 304 जातीपेक्षा तिच्यात मॉलिब्डेनमची भर असते, त्यामुळे खाऱ्या हवेत ती जास्त टिकते. सांधा आर्गॉन वायूच्या आवरणाखाली जोडतात. हा वायू वाऱ्याने उडून गेला तर सांधा बिघडतो. इथला पावसाळाही जूनपासूनच, म्हणून काम ताडपत्रीच्या आडोशाला चालते. सांध्याभोवती उष्णतेने आलेला निळसर-तपकिरी रंग सुंदर दिसतो, पण तो तसाच ठेवला तर गंज तिथूनच सुरू होतो. तो साफ करून झळाळी दिल्याशिवाय जाणता कारागीर काम संपले असे म्हणत नाही.

न दिसणारी पट्टी

एवढे झाले तरी कमानीचे खरे बळ झळाळणाऱ्या नळ्यांत नसते. ते असते डेकच्या खाली, कुणालाही न दिसणाऱ्या जागी. कित्येक बोटींचे डेक फायबरच्या दोन थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड घालून केलेले असते. तिथे नुसते भोक पाडून बोल्ट आवळला, तर लाकूड चेपते, फटीतून पाणी शिरते आणि आतल्या आत डेक कुजू लागते. म्हणून भोक मोठे पाडून आतले लाकूड खरवडतात, त्या जागी इपॉक्सी भरतात, ते घट्ट झाल्यावर पुन्हा नेमके भोक पाडतात आणि खालून धातूची रुंद पट्टी देऊन बोल्ट आवळतात. यात दोन दिवस जादा जातात. बोट लवकर पाण्यात सोडण्याची घाई झालेला मालक नेमके हेच दोन दिवस वाचवू पाहतो.

त्याची किंमत समुद्र वसूल करतो. तीन मीटरचे होडके आणि त्याचे इंजिन मिळून शंभर किलोंच्या आसपास वजन होते. बंदरात ते निमूट लटकते. पण एस.टी. खड्ड्यातून गेली की मांडीवरची पिशवी क्षणभर जड होते, हे आपण सगळ्यांनी अनुभवले आहे. लाटांवर हा खड्डा दर काही सेकंदांनी येतो. बोट खाली जाते, उसळते आणि प्रत्येक हिसका डेव्हिटच्या मुळाशी पोहोचतो. त्यात पाऊस आला आणि होडक्याच्या तळाचे बूच काढायचे राहिले, तर होडके पाण्याने भरते. एक लिटर म्हणजे एक किलो. बघता बघता काही शे किलोंचा भार बोटीच्या बाहेर लोंबकळू लागतो. मागून एखादी मोठी लाट होडक्यात कोसळली, तर हात वाकतो, सांधा तुटतो, कधी कमानच डेकचा तुकडा घेऊन उखडते.

म्हणून अनुभवी दर्यावर्दी एक नियम पाळतात. डेव्हिट हे नांगरलेल्या बोटीसाठी आणि बेटाबेटांमधल्या छोट्या अंतरासाठी. खुल्या महासागरात जायचे असेल, तर होडके डेकवर घेऊन उलटे बांधायचे आणि इंजिन काढून निराळे ठेवायचे. हजारो डॉलर खर्चून सोय करून घ्यायची आणि ऐन लांबच्या प्रवासात ती वापरायची नाही, हे नवख्याला पटत नाही. पण सोय कुठे संपते आणि जोखीम कुठे सुरू होते, हे ओळखणे हीच तर समुद्रावरची अक्कल.

पुन्हा पाण्यात

चागुआरामासनेही चढउतार पाहिले आहेत. 2015 मध्ये त्रिनिदाद आणि ग्रेनाडा यांच्या दरम्यान बोटी लुटल्या गेल्याच्या घटनांनी पाहुणे बिचकले. मार्च 2020 मध्ये साथीमुळे देशाच्या सीमा बंद झाल्या, त्या जुलै 2021 पर्यंत. या काळात मायदेशी अडकलेल्या मालकांच्या कितीतरी बोटी इथे टेकूंवर उभ्या होत्या आणि पावसात त्यांच्यावर शेवाळ चढत होते. कारागिरांच्या हातांनाही काम नव्हते. पुढे सीमा उघडल्या आणि पाळणा पुन्हा हलू लागला.

नोव्हेंबर सरत आला की आवारातल्या शिड्या एकेक करून निघतात. तळाला नवा रंग लागलेल्या बोटी पट्ट्यांवर झुलत पाण्यात उतरतात. पिछाडीला नवी कमान उन्हात लखलखत असते. किनाऱ्यावरचे लोक कौतुकाने तिच्याकडे पाहतात. जाणता मालक मात्र त्या वेळी वर नसतो. तो बोटीच्या पोटात शिरून, हातात विजेरी घेऊन, डेकच्या खालची पट्टी आणि बोल्टभोवतीचा कोरडेपणा बोटाने चाचपून पाहत असतो. तिथे ओल नाही अशी खात्री झाली की तो वर येतो आणि दोर सोडायला सांगतो.