रस्त्याखालची तार

छोट्या रेल्वेच्या पटावर आगगाडी धावत असते. फाटकापाशी उभी केलेली मोटार मात्र वर्षानुवर्षे जागची हलत नाही. रूळ आगगाडीला वीज पुरवतात नि वाटही दाखवतात. मोटारीला ही दोन्ही कोठून मिळणार? १९८९ साली जर्मनीतील फालर कंपनीने याचे उत्तर शोधले. रस्त्यात बारीक चर कोरून पोलादी तार बसवायची, वरून लांबी भरून रंग द्यायचा. पुढच्या चाकांना जोडलेला चुंबक त्या तारेचा माग घेतो. गाडीच्या पोटातील बॅटरी मागची चाके फिरवते. फाटकाजवळ रस्त्याखालचा विद्युतचुंबक गाडीतील प्रवाह तोडतो आणि ती थांबते.

माझे थोरले बंधू आयुष्यभर एस.टी. चालवून निवृत्त झाले. पुढे दृष्टी गेली, आणि बोलणेही उणावले. आमच्या पटावर बस आणायचे ठरले, तेव्हा चर कोरण्यापूर्वी आखलेले प्रत्येक वळण ते हाताने अजमावून पाहत. म्हणत, "अजून मोकळं घे. बसला वळायला जागा लागते." मग तारही त्यांनीच चाचपत बसवली.

आता रंगाखाली ती कोणालाच दिसत नाही. पण ती कोठे कशी वळते, हे आमच्या घरात त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही.