रिगवर रुळताना

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर, अरबी समुद्रात मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे. 1974 मध्ये सागर सम्राट या रिगने इथे तेल शोधले आणि 1976 पासून उत्पादन सुरू झाले. पाणी साधारण 75 मीटर खोल, त्यामुळे समुद्रतळावर पाय रोवून उभी राहणारी जॅक-अप रिग इथे चालते. ड्युटी बहुधा 14 दिवस रिगवर आणि 14 दिवस घरी अशी असते.

जुहूच्या तळावर सामानाबरोबर माणसाचेही वजन होते, काडेपेटी-लायटर काढून घेतात, आणि मग हेलिकॉप्टर. त्याआधी पाण्यात उलटलेल्या केबिनमधून पट्टा सोडवून बाहेर पडण्याचे प्रशिक्षण झालेले असते. खरी अडचण प्रवासाच्या लांबीची नाही, झोपेची आहे. सांगली-लातूरकडचा माणूस आदल्या रात्रीच घरून निघालेला असतो. रिगवर उतरतो तेव्हा त्याची एक रात्र बुडालेली असते, आणि शिफ्ट 12 तासांची.

उतरल्यावर सुरक्षेची माहिती, खोली, बंक आणि लाइफबोटीचा क्रमांक मिळतो. जुनी मंडळी ही माहिती एका कानाने ऐकतात. पण 14 दिवसांत रिगवर पुष्कळ काही बदलते: नेहमीच्या वाटेत परांची उभी राहते, एखादा जिना बंद होतो. म्हणून सामान लावण्याआधी खोलीपासून लाइफबोटीपर्यंत एकदा चालून यावे, आणि दुसऱ्या वाटेनेही. 27 जुलै 2005 रोजी याच क्षेत्रात आपल्या जखमी स्वयंपाक्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर सोडायला आलेले जहाज प्लॅटफॉर्मच्या वायुवाहिनीवर आदळले. आग भडकली, सुमारे दोन तासांत प्लॅटफॉर्म कोसळला आणि 22 जण दगावले. अशा धुरात वाट विचारायला कोणी सापडत नाही.

पहिली शिफ्ट रात्रीची असेल तर मिळेल तेवढी झोप आधी काढावी, मेसमध्ये कोण कोण आले आहे हे नंतर पाहावे. बंकखालून इंजिनांची घरघर पहिल्या रात्री छळते. आठवड्यानंतर मात्र ती थांबली तरच जाग येते.

कामात रुळण्याची सगळी मदार चार्ज घेण्यावर असते. जाणाऱ्याचे मन हेलिकॉप्टरकडे लागलेले, येणाऱ्याचे अजून घरी. 'सगळं नॉर्मल आहे' या वाक्यावर चार्ज घेणारा ड्रिलर कच्चा समजावा. समजा, ड्रिल पाइप विहिरीबाहेर ओढण्याचे काम चालू आहे. पाइप निघाला की विहिरीत भरलेल्या मडची, म्हणजे ड्रिलिंगच्या जड द्रवाची, पातळी उतरते, म्हणून वरून मड भरत राहावे लागते. जेवढ्या घनफळाचे पोलाद बाहेर आले, तेवढेच मड आत गेले पाहिजे. कमी गेले तर उरलेली जागा खालून शिरलेल्या वायूने किंवा द्रवाने घेतली, असेच धरून चालायचे. हा हिशेब ट्रिप शीटवर ओळीने मांडलेला असतो. नवा ड्रिलर आधी ते शीट वाचतो, मग ट्रिप टँकची, म्हणजे हे मड जिथून जाते त्या टाकीची, पातळी स्वतः पाहतो, आणि दोन्हींचा मेळ बसत नसेल तर पाइप ओढणे थांबवून विहीर वाहते आहे का ते तपासतो. यात वेळ जातो, कुणी कुरकुरतेही. तपासात विहीर वाहताना दिसली तर विहिरीच्या तोंडावरचा ब्लोआउट प्रिव्हेंटर बंद करायचा. तिथे परवानगी मागत बसायचे नसते.

कामाच्या परमिटचेही तसेच. उघडलेला पंप, काढलेला व्हॉल्व्ह यांची नोंद पुढच्या शिफ्टपर्यंत पोचलीच पाहिजे. 6 जुलै 1988 रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर सुरक्षा व्हॉल्व्ह काढलेला पंप रात्रपाळीने चालू केला, कारण दिवसपाळीची माहिती तिच्यापर्यंत आली नव्हती. 167 माणसे गेली.

काही दिवसांत शरीर शिफ्टला सरावते, जेवणाच्या वेळा बसतात, घरच्या फोनची वेळही ठरते. पावसाळ्यात ढग खाली उतरले की हेलिकॉप्टर येत नाही आणि बदली माणूस मुंबईतच अडकतो. म्हणून रोजची औषधे घेणाऱ्याने ती चार दिवस पुरतील इतकी जास्तीची आणावीत.