कागदावरची वाट

सहलीच्या विमानाला गांठावयाचें गांव नसतें. तरी त्यालाहि मार्गपत्रक व नियंत्रकाची अनुज्ञा हवीच. २८ नोव्हेंबर १९७९ रोजीं ऑकलंडहून अंटार्क्टिका पाहावयास निघालेल्या विमानापाशीं दोन्ही होतीं. नजरेच्या भरंवशावर खालीं उतरण्याची अनुज्ञा मॅकमर्डोहून मिळाली. परंतु नजर तरी स्वतंत्र कोठें असते? वैमानिकांस सांगितलेली वाट खाडीवरून होती. उड्डाणापूर्वीं कांहीं तास कचेरींत एका स्थानाचे आंकडे बदलले, रेषा एरेबस पर्वतावर सरकली, आणि हें त्यांस कोणीं कळविलें नाहीं. पांढऱ्या ढगाखालीं पांढरा उतार त्यांना सपाट बर्फच भासला. २५७ जीव गेले. न्यायमूर्ति माहोन यांनीं १९८१ सालीं मुख्य कारण म्हणून तो बदलच दाखविला. मला तो निर्णय पटतो. प्रवाशांच्या कॅमेऱ्यांतून मागाहून निघालेल्या चित्रांत खिडकीबाहेरचा प्रदेश स्वच्छ दिसतो.