इतराजी

कारल्याची भाजी ताटात पडली की आमचा धाकटा 'आय हेट इट' म्हणून मोकळा होतो. इंग्रजीतले नावडीचे सारे शब्द त्याला एकाच मापाचे वाटतात. वास्तविक कारल्याला 'डिसलाइक' पुरेसा आहे. 'डिसगस्ट' मुळात जिभेचा शब्द. लॅटिनमध्ये 'गुस्तुस' म्हणजे चव. ताकात माशी दिसल्यावर वाटते ती किळस. डार्विननेही १८७२च्या ग्रंथात या भावनेचा संबंध चवीशीच जोडला. 'अ‍ॅव्हर्शन' हा मानेचा शब्द, मुळात तोंड फिरवणे. आमच्या कुटुंबाला पालीविषयी आहे ते हेच. तिथे चवीचा प्रश्न येत नाही, ही देवाची कृपा!

'डिस्प्लेझर'ला मात्र खुर्ची लागते. शिपाई कितीही चिडला तरी त्याच्या रागाला कचेरीत कोणी 'डिस्प्लेझर' म्हणणार नाही. तो वरून खाली येतो. आपली इतराजी ती हीच. राज्यघटनेच्या ३१०व्या कलमातही सरकारी नोकर पदावर राहतो तो राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची मर्जी, म्हणजे 'प्लेझर', असेतोवर.

माझ्या वडिलांना कचेरीतून एकदा 'डिस्प्लेझर'चा कागद आला. "साहेब नाराज झाले, एवढंच ना? उद्या भेटून बोला," आई म्हणाली. वडिलांनी कागदाची घडी घालून तो विम्याच्या पॉलिसीखाली ठेवला. त्या वर्षी त्यांची बढती हुकली. अन्यायाची अशी चीड मनात धुमसत राहते, तिला इंग्रजीत 'रिझेंटमेंट' म्हणतात. वडिलांच्या तोंडून तो शब्द कधी ऐकला नाही. पुढे तेच साहेब निवृत्त झाले, तेव्हा हाराची वर्गणी वडिलांनीच गोळा केली.