पाषाणाच्या ओंजळीत

गिरगाव चौपाटीच्या पश्चिमेला समुद्रात शिरलेल्या मलबार टेकडीच्या माथ्यावर फिरोजशहा मेहता उद्यान, म्हणजेच मुंबईकरांचे हँगिंग गार्डन, पसरलेले आहे आणि तिच्या दक्षिण उतारावर, वाळकेश्वरी, बाणगंगेचे तळे आहे. एका ठिकाणी पाणी हिरवळीखाली झाकलेले आहे, तर दुसऱ्या ठिकाणी ते आकाशाला खुले आहे. परंतु दोन्ही वास्तूंचे सौंदर्य पाणी जपण्याच्या एकाच गरजेतून उमलले आहे.

शिलाहार राजवटीतील मंत्री लक्ष्मण प्रभू यांनी ११२७ मध्ये बाणगंगा बांधली, असे परंपरा मानते. पोर्तुगीज काळात उद्ध्वस्त झालेले तळ्याकाठचे वाळकेश्वराचे मंदिर रामा कामत यांनी १७१५ मध्ये पुन्हा उभारले. तळ्याच्या पायऱ्या काळ्या पाषाणाच्या, म्हणजे दख्खनच्या प्राचीन लाव्हारसापासून घडलेल्या बेसाल्ट खडकाच्या आहेत. त्या चहूबाजूंनी टप्प्याटप्प्याने उतरत असल्यामुळे पाणी चढो वा ओसरो, काठ माणसाच्या पावलांजवळच राहतो. सणावारी दिवे लावण्यासाठी उभारलेले दगडी दीपस्तंभही तेथे आहेत आणि खारा समुद्र इतका जवळ असूनही तळ्यातील झऱ्याचे पाणी गोडे आहे.

माथ्यावरील उद्यान हे १८८० च्या दशकात बांधलेल्या जलाशयाचे छत आहे. सुमारे १४.७ कोटी लिटर पाणी सामावणारी ही टाकी दूरच्या तलावांतून आलेले पाणी उंचावर साठवते आणि तेथून ते उताराच्या बळावर गिरगाव, ग्रँट रोड, कुलाबा या वस्त्यांकडे वाहते. छतावर खोल मुळांच्या वृक्षांना वाव नसल्याने तेथे हिरवळ, फुलांचे ताटवे आणि प्राण्यांच्या आकारात कातरलेली झुडपे शोभतात. म्हणजे बागेचे रूपही पाण्यानेच ठरवलेले आहे.

म्हणूनच, २०२३ मध्ये जलाशय पाडून नवा बांधण्याचा प्रस्ताव आला तेव्हा परिसरातील झाडांसाठी उभ्या राहिलेल्या नागरिकांनी प्रत्यक्षात एका अखंड रचनेचीच बाजू घेतली, आणि तज्ज्ञांनी आत उतरून टाकीची तपासणी केली, ही गोष्ट मोलाची आहे. दगड, माती, झाड आणि पाणी यांना एकमेकांच्या आधाराने उभे करणारे असे बांधकाम केवळ जुने म्हणून नव्हे, तर ते आजही शहराची तहान भागवत आहे म्हणून जपले पाहिजे.