प्रवाहाच्या उलट्या दिशेने

फ्रान्सच्या दक्षिणेला, नीम शहरातल्या एका चढणीच्या रस्त्याकडेला गोल दगडी कुंड आहे. व्यास जेमतेम सहा मीटर. भिंतीत ओळीनं दहा भोकं, तळाशी आणखी तीन. सुमारे पन्नास किलोमीटर वाहत आलेलं पाणी इथं पोचायचं आणि या भोकांतून शिशाच्या नळांवाटे शहरभर वाटलं जायचं. १८४४ साली हे कुंड जमिनीतून बाहेर आलं. इतकं शाबूत रोमन वाटपकुंड याखेरीज पाँपेईतच पाहायला मिळतं. पाणी ज्या वाटेनं आलं त्याच वाटेनं उलट, उगमाकडे जायचं मी ठरवलं होतं, म्हणून सुरुवात इथून केली.

पुढचा टप्पा पाँ द्यु गार, हेच पाणी नदीपलीकडे नेणारा पूल. नीमहून बसनं तासाभरात पोचता येतं. झाडीतून वाट वळते आणि गार्दों नदीवर कमानींचे तीन मजले एकदम समोर उभे राहतात : खाली सहा, मधे अकरा, वर छोट्या पस्तीस. उंची जवळपास ४९ मीटर. खालच्या दोन मजल्यांचे दगड, काही तर सहा टनांचे, चुन्याशिवाय एकमेकांवर बसवलेले. ते जवळच्याच खाणीतून आणले होते. कुठला दगड कुठे बसवायचा याच्या रोमन गवंड्यांनी कोरलेल्या खुणा अजून वाचता येतात. भिंतीतून बाहेर आलेले दगड परांचीच्या आधारासाठी ठेवले होते. काम संपल्यावरही ते कुणी तासून काढले नाहीत, आणि मला तर पुलाचं सगळं देखणेपण त्या खडबडीतपणातच दिसलं.

हा पूल बांधला गेला पहिल्या शतकाच्या मध्यास. सहाव्या शतकाच्या सुमारास पाणी थांबलं. मग तो टिकला कसा?

नदी ओलांडायला लोकांना तो हवा होता. मध्ययुगात इथं जकात घेतली जायची, आणि त्या उत्पन्नामुळे पूल उभा राखण्यात कुणाचं तरी हित होतं. पण याच वापरानं त्याला जवळजवळ संपवलंही. सतराव्या शतकात धर्मयुद्धांच्या धामधुमीत ह्यूग्नो, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, सेनापती ड्यूक ऑफ रोहां याला तोफा पलीकडे न्यायच्या होत्या. त्यासाठी मधल्या मजल्याचे खांब एका बाजूनं खोल तासले गेले. पुढे लांगदोक प्रांताच्या सभेनं डागडुजी केली, आणि १७४३ ते १७४७ या काळात आंरी पितो या अभियंत्याच्या आराखड्यानुसार खालच्या मजल्याला चिकटून स्वतंत्र रस्त्याचा पूल बांधला गेला. विमानाचा वेग मोजणाऱ्या पिटो नळीतला पिटो तो हाच. माझ्या मते या वास्तूवर झालेला सर्वांत मोठा उपकार म्हणजे हा नवा पूल : रहदारीला वेगळी वाट मिळाली आणि जुन्या खांबांवरचा भार उतरला. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात, १८५५ ते १८५८, झिजलेले दगड बदलले गेले. १९८५ साली युनेस्कोनं पाँ द्यु गार जागतिक वारसा मानला. पुढे पितोच्या पुलावरूनही गाड्या बंद झाल्या. आता तिथून फक्त चालत जाता येतं. १९५८ आणि २००२च्या महापुरांतही रोमन कमानी उभ्याच राहिल्या.

पुलापलीकडे वेर गावाच्या बाजूला मात्र चित्र बदलतं. झुडपांत मोडक्या कमानी दिसतात, कालव्याच्या आतल्या भिंतींवर चुनखडीचे जाड थर. पाण्यातला चुना शतकानुशतके साचत गेला आणि पाण्याची वाट अरुंद झाली. कालवा बंद पडल्यावर गावकऱ्यांनी दगड तर नेलेच, ही साचलेली चुनखडीही कापून बांधकामाला वापरली. सेंट-बॉने गावाच्या जुन्या चर्चच्या भिंतीत ती आहे.

शेवटी उझेस गावाखालच्या दरीत उतरलो. अर झऱ्याचं पाणी इथून सुटायचं. जवळच छोटं दगडी नियंत्रणकुंड आहे. दारं सरकवायच्या खाचा दगडात तशाच आहेत. जास्तीचं पाणी इथूनच आल्झों नदीत सोडलं जाई. सरळ रेषेत नीम इथून वीसेक किलोमीटर, पण मधे टेकड्या, म्हणून वळसा पन्नास किलोमीटरचा. आणि एवढ्या लांबीत एकूण उतार साडेबारा मीटरच्या आसपास! पाँ द्यु गारसमोर गर्दी असते, या खाचांपाशी फारसं कुणी येत नाही; तरी पुलाचं तिकीट काढणाऱ्या प्रत्येकानं उझेसची ही दरी उतरावी असं मला मनापासून वाटतं, कारण त्या तीन मजल्यांची उंची कुणी आणि कशावरून ठरवली ते इथंच उमगतं.