यंदा काय विणता आहात?

वर्षातील सर्वांत फसवा ऋतू कोणता असे मला कोणी विचारले, तर मी शरदाचे नाव घेईन. पितृपक्ष सरतो, घट बसतात, पाऊस काढता पाय घेतो आणि आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते. दुपारी मात्र ऊन असे तापते की वारज्याच्या उड्डाणपुलापाशी बसची वाट पाहणाऱ्याला आश्विनात वैशाख आठवावा. त्याच दिवशी पहाटे मुठेच्या बाजूने येणारी झुळूक अंगावर शहारा आणते. ढगांचे पांघरूण गेलेले असते. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब मोकळ्या आकाशाकडे सोडून देते आणि दिवस-रात्रीच्या तापमानातील अंतर वाढत जाते. आयुर्वेदात हा पित्तप्रकोपाचा काळ मानला जातो. मी आधुनिक वैद्यकाचा विद्यार्थी असल्याने त्यावर अधिकारवाणीने बोलणार नाही. माझ्या दवाखान्यातील नोंदवही मात्र या दिवसांत डेंग्यूचा ताप, दमा आणि खोकला यांनी भरून जाते, आणि थंडी स्थिरावू लागली की रक्तदाबाचे आकडेही वर सरकतात.

आपण मराठीत अनुभवी माणसाने इतके 'पावसाळे' पाहिले असे म्हणतो. वेदकालीन प्रार्थनेत मात्र शंभर 'शरद' मागितले आहेत. मला त्या प्रार्थनेत व्यवहारज्ञान दिसते. पावसाळ्याची रोगराई मागे टाकून शरदाचे चांदणे ज्याने पाहिले, त्याने ते वर्ष पदरात पाडून घेतले!

याच सुमारास अनेक घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यातून एक जुनी पिशवी खाली उतरते. तिच्यात निरनिराळ्या क्रमांकांच्या सुया असतात, गेल्या वर्षीचा उरलेला गुंडा असतो आणि एखादी अर्धवट बाही असते. दसरा-दिवाळीच्या मधल्या दुपारी फराळाच्या याद्या होत असतात आणि त्याच हातांनी नातवाच्या कानटोपीचे टाकेही घातले जातात. पुण्याची थंडी काही हिमालयातील नव्हे. स्वेटरला दोन-अडीच महिन्यांचेच काम. पण विणणाऱ्या हातांना हवामान खात्याचे आकडे कधीच पुरेसे कारण वाटलेले नाहीत.

माझ्याकडे येणाऱ्या सत्तरी-ऐंशीच्या घरातील काही स्त्रिया १९६२ सालची आठवण सांगतात. चीनने आक्रमण केले ते २० ऑक्टोबरला आणि युद्धविराम झाला तो २१ नोव्हेंबरला, म्हणजे ऐन शरदात. देशभरातील स्त्रिया तेव्हा हिमालयातील जवानांसाठी स्वेटर, मोजे आणि मफलर विणत होत्या. "एक सुलट, एक उलट मी तेव्हा शिकले," असे सांगताना या आज्यांचा आवाज बदलतो. आमच्या वारज्यापासून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी जवळच असल्यामुळे की काय, येथे ही आठवण अधिक अभिमानाने सांगितली जाते, असा आपला माझा समज.

मला स्वतःला विणता येत नाही. पण तीस वर्षे माणसांचे हात पाहण्यात गेली आहेत, आणि विणणारा हात वैद्याला जितके सांगतो तितके क्वचितच दुसरे काही सांगते. विणकामात दृष्टी लागते, बोटांची संवेदना लागते, दोन्ही हातांचा मेळ लागतो, टाके मोजण्यापुरते अवधान लागते, नक्षी ध्यानात ठेवणारी स्मृती लागते आणि हे सारे कोणासाठी तरी करावे अशी इच्छा लागते. यातील एक धागा सैल झाला तरी वीण बोलते. म्हणून परिचयाच्या रुग्णांना मी "तब्येत कशी आहे?" असे फारसे विचारत नाही. त्याचे उत्तर "बरी आहे" असेच येते. मी विचारतो, "यंदा काय विणता आहात?"

दोन वर्षांपूर्वी माळवाडीकडील एक काकू रक्तदाब तपासण्यासाठी मुलाबरोबर आल्या होत्या. वय शहात्तर. दर दिवाळीला त्यांच्या घरी कोणा ना कोणाचा नवा स्वेटर तयार असे. माझ्या प्रश्नाला उत्तर दिले ते मुलाने: "आईने आता सोडलं ते. वय झालं. आणि बाजारात हवे तसे मिळतात, डोळे कशाला फोडायचे?" काकू हसल्या, पण बोलल्या नाहीत. मुलगा प्रेमाने आणि काळजीने बोलत होता, हे मी येथे मुद्दाम नमूद करतो. वृद्धांच्या हातातील कामे बहुधा प्रेमानेच काढून घेतली जातात.

का सोडले, हे मी काकूंनाच विचारले. प्रथम "मन लागत नाही" एवढेच म्हणाल्या. थोड्या वेळाने सांगू लागल्या की सुई धरली तरी धरल्यासारखी वाटत नाही, टाका निसटला तर बोटांना कळत नाही. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटे मुंग्या येऊन जागी करतात. मग हात झटकत बसावे लागते. करंगळी मात्र ठीक. ही तक्रार वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही ओळखता यावी अशी आहे. मनगटातील अरुंद मार्गातून जाणारी मज्जातंतूची शीर दाबली गेली की असे होते; त्याला 'कार्पल टनेल सिंड्रोम' म्हणतात. मधुमेहात आणि थायरॉईडचा स्राव कमी पडल्यास हा विकार अधिक आढळतो. काकूंचा चेहरा किंचित सुजल्यासारखा दिसत होता, आवाज जड झाला होता, आणि पंखा बंद करा म्हणून त्या ऑक्टोबरातील दुपारीही घरच्यांच्या मागे लागत होत्या. रक्ततपासणीत थायरॉईडची कमतरता निघाली. ज्याला घरातील सर्वांनी 'वय' म्हटले होते, त्याला एक नाव होते आणि रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या एका लहान गोळीचा उपायही होता.

गोळ्या सुरू झाल्या. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला. सुधारणा हळूहळू झाली. मुंग्या पूर्णपणे थांबायला चार-पाच महिने लागले आणि ती थंडी विणकामाविनाच गेली. पुढच्या वर्षी काकूंनी पूर्ण स्वेटराचा नाद सोडून जाड सुयांवर कानटोप्या घेतल्या. पूर्वीसारखी वीण येत नाही, अशी त्यांची तक्रार अजून आहे. मी ती तक्रार ऐकून घेतो.

सगळ्यांनाच थायरॉईड असतो असे नव्हे. गडद रंगाची लोकर अचानक नकोशी झाली, काळ्यावर काळा टाका दिसेना, दिव्याभोवती वलय दिसू लागले, तर मोतीबिंदू तपासावा. बोटे सकाळी तासाहून अधिक काळ ताठ राहत असतील, सांधे सुजत असतील, तर ती निव्वळ झीज नसून आमवात असू शकतो. हात मांडीवर स्वस्थ असताना थरथरतो की सुई उचलल्यावर, हे घरच्यांनी पाहून ठेवावे. कंपवाताचा कंप बहुधा विश्रांतीत दिसतो, आणि ही एक बाब डॉक्टरांना फार उपयोगी पडते. हात, डोळे सारे ठीक असून पिशवी उघडावीशीच वाटत नसेल, तर नैराश्याचा विचार करावा. विशेषतः जोडीदार गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षी. आणि पन्नास वर्षे पाठ असलेली नक्षी मधेच हरवत असेल, तर स्मृतीची तपासणी अवश्य करावी. त्यातही बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि थायरॉईड ही उपचार होण्याजोगी कारणे प्रथम शोधायची असतात. मुद्दा विणकामाचाच आहे असे नाही. आपल्या घरातील आजोबा रोजचे शब्दकोडे सोडवीत असतील, आजी रांगोळी काढीत असतील, तर तेच. वर्षानुवर्षांचे आवडते काम कोणी गाजावाजा न करता थांबवले, तर ते ताप किंवा खोकला यांच्याइतकेच लक्षण समजावे.

विणकामाने स्मृतिभ्रंश टळतो का, असा प्रश्न आता वरचेवर विचारला जातो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०११ मध्ये ७० ते ८९ वयाच्या १३२१ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाचन, संगणकाचा वापर, विणकामासारखी हस्तकला यांत रमणाऱ्यांमध्ये सौम्य बौद्धिक घसरणीचे प्रमाण कमी आढळले. वाचकहो, यावरून उडी मारू नका. विणल्यामुळे मेंदू शाबूत राहिला, की मेंदू शाबूत असल्यामुळे विणणे जमले, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत ३५४५ विणणाऱ्यांपैकी जे वारंवार विणत होते, त्यांनी आपल्याला अधिक शांत वाटते असे कळवले. पण उत्तरे देणारे सारे विणकामाचे प्रेमीच होते! म्हणून मी औषधाच्या चिठ्ठीवर 'विणकाम, दिवसातून दोनदा' असे लिहीत नाही. ज्याला आवडते त्याला ते करता यावे, एवढेच पाहतो.

त्यासाठी काही साध्या गोष्टी. खिडकीजवळ, पाठीला आधार असलेल्या खुर्चीत, दोन्ही तळपाय जमिनीला टेकवून बसावे. वीस-पंचवीस मिनिटांनी सुया खाली ठेवून बोटे उघडझाप करावीत. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर जाड सुया आणि जाड लोकर घ्यावी. धातूच्या सुयांपेक्षा बांबूच्या सुया हाताला गार लागत नाहीत. मोठी शाल विणताना लवचीक तारेने जोडलेली गोल सुई वापरली, तर कामाचा भार मनगटावर न येता मांडीवर राहतो.

आणि विणलेल्या वस्तूंविषयीही थोडे. ज्याला आपण सरसकट लोकर म्हणतो ती पुष्कळदा मेंढीची नसतेच. आपल्याकडील दख्खनी मेंढीची लोकर राठ, ती घोंगडीला जाते. पुण्याच्या बाजारातील रंगीत गुंडे बव्हंशी ॲक्रिलिकचे, म्हणजे कृत्रिम धाग्याचे असतात. धुवायला ते सोपे. पण ज्योत लागली की हा धागा वितळून त्वचेला चिकटतो. दिवाळीत पणत्या लावताना, गॅसपाशी दूध तापवताना शालीचा पदर मोकळा सोडू नये. विणलेले मोजे घालून गुळगुळीत फरशीवर चालणे तर वृद्धांनी पूर्ण टाळावे. या मोज्यांवरून घसरून खुब्याचे हाड मोडलेले रुग्ण मी पाहिले आहेत. मोजे अंथरुणात घालावेत. उठताना वर न घसरणारी चप्पल हवी. मधुमेह असलेल्यांच्या मोज्याची वरची कड सैल विणावी, आणि पाय गार पडतात म्हणून गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवू नये, कारण बधिर पायाला भाजलेले कळत नाही. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ थर अधिक ऊब देतात. मधल्या हवेचा तो गुण आहे. दुपारी एक थर काढताही येतो.

आता एका जोडप्याविषयी सांगतो. गणपती माथ्याच्या बाजूला राहतात. पत्नीला स्मृतिभ्रंश आहे. सर्व तपासण्या झाल्या, उपचाराने उलटवता येईल असे कारण त्यात मिळाले नाही. नातवंडांची नावे त्यांना आठवत नाहीत, सकाळचा चहा घेतल्याचे आठवत नाही. पण हातात सुया दिल्या की नुसती सुलट वीण अजून चालते. हातांनी शिकलेले अनेकदा शब्दांनी शिकलेल्यापेक्षा अधिक काळ टिकते. मुलीला प्रथम ते पाहवत नव्हते. "आई जाळीची शाल विणायची हो, आणि आता हे काय?" असे म्हणून ती चुकलेले टाके दुरुस्त करू लागे, आणि आई सुया टाकून उठून जाई. आता कोणी दुरुस्त करीत नाही. "काय करते आहेस?" असेही कोणी विचारीत नाही, कारण त्या प्रश्नाला उत्तर नसते आणि उत्तर नसल्याची भीती मात्र असते. सुया बोथट टोकाच्या प्लॅस्टिकच्या आहेत, कात्री घरात वर ठेवलेली असते.

काका निवृत्त शिक्षक आहेत. संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी पत्नी अस्वस्थ होते, "घरी जायचं" म्हणत दाराकडे जाते. अनेक स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना ती वेळ अवघड जाते. काका तेव्हा दिवे आधीच लावतात, रेडिओ मंद करतात आणि समोर बसून लडीचा गुंडा करू लागतात. धागा आला की तिचे हात सुरू होतात. पट्टी आता पलंगाच्या लांबीहून मोठी झाली आहे.

गेल्या महिन्यात मी काकांचाच रक्तदाब मोजला, तो १७० निघाला. ते सहा महिने कोणत्याही डॉक्टरकडे गेले नव्हते. त्यांना घराबाहेर पडायला वेळच नव्हता. काळजी घेणाऱ्यांच्या बाबतीत हे इतके सर्रास घडते की मी आता रुग्णाबरोबर आलेल्याचाही पट्टा बांधतो. शेजारच्या बाई आठवड्यातून तीन संध्याकाळी तासभर बसायला तयार झाल्या आहेत. त्यांना विणता येते, त्यामुळे बोलण्याची अडचण पडत नाही. काका त्या वेळात फिरून येतात आणि येताना लोकर आणतात. परवा पूर्वीचा राखाडी रंग दुकानात संपला होता, म्हणून त्यांनी निळा आणला. पत्नीने एकवार धागा बोटांत फिरवून पाहिला आणि पुढची ओळ सुरू केली.